कॅथलिक कॉलेजतर्फे गावातल्या कार्यकर्त्यांना मानद पदवी: ठराव, बिशप, मानपत्र आणि हूड

पारिजात

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका लहान कॅथलिक कॉलेजच्या मानद पदवी समितीसाठी माहिती हवी आहे. कॉलेज सिस्टर्सच्या एका संघाने स्थापन केलेलं आहे. आजवर मानद पदव्या बहुतेक मोठ्या देणगीदारांना आणि धर्मगुरूंना दिल्या गेल्या. पुढच्या मे महिन्यातल्या दीक्षान्त समारंभात गावात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांचा सन्मान व्हावा, अशी समितीची इच्छा आहे.

तीन नावं चर्चेत आहेत. एक बाई कित्येक वर्षं मोफत धान्य वाटपाचं केंद्र चालवतात, त्यांचं हायस्कूलही पूर्ण झालेलं नाही. दुसरे गृहस्थ भाडेकरूंची संघटना बांधणारे, धर्माने हिंदू. तिसऱ्या बाई निवृत्त परिचारिका आहेत, त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांसाठी दवाखाना उभा केला आणि आता त्या नगर परिषदेच्या निवडणुकीला उभ्या आहेत. मतदान नोव्हेंबरमध्ये, म्हणजे समारंभाच्या वेळी प्रचार चालू असणार.

प्रश्न असे: कोणती पदवी द्यायची? मंजुरी कोणाची आणि कधी घ्यायची? बिशपांची परवानगी लागते का? पदवी नसलेल्या किंवा कॅथलिक नसलेल्या व्यक्तीला देता येते का? आणि मानपत्र कसं लिहायचं? जुनी मानपत्रं वाचली, सगळी एकसारखीच वाटतात.

शिरीष

आधी अधिकाराचं बघू. अमेरिकेत पदवी देण्याचा अधिकार कॉलेजला राज्याकडून, सनदेद्वारे मिळतो आणि तो विश्वस्त मंडळ वापरतं. मानद पदवीलाही तेच लागू. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सनद आणि उपविधी काढून बघा की कोणत्या मानद पदव्यांची नावं त्यात आहेत. आपल्याला आवडलेलं नाव परस्पर छापलं तर ती पदवीच ठरत नाही. सिस्टर्सच्या संघाने काही अधिकार स्वतःकडे राखून ठेवले असतील तर तेही उपविधींमध्येच सापडतील.

अशा कामासाठी सर्वसाधारणपणे डॉक्टर ऑफ ह्युमेन लेटर्स, म्हणजे एलएचडी देतात. एलएलडी, म्हणजे डॉक्टर ऑफ लॉज, कायदा आणि सार्वजनिक पदांवरच्या लोकांना शोभते, डीडी, म्हणजे डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी, धर्मकार्याला. काही ठिकाणी डॉक्टर ऑफ पब्लिक सर्व्हिस असते, तुमच्या सनदेत ती असेल तर उत्तमच. पीएचडी मात्र मानद म्हणून कधीही देऊ नका. एकोणिसाव्या शतकात काही अमेरिकन कॉलेजांनी तसं केलं होतं आणि ती प्रथा शिक्षणक्षेत्राने प्रयत्नपूर्वक बंद पाडली.

शिक्षणाची अट नाही. मानद पदवीत प्रवेश, अभ्यासक्रम, परीक्षा या सगळ्याला सूट असते, तोच तिचा अर्थ आहे. प्रथा जुनी आहे: बेंजामिन फ्रँकलिन यांचं शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचं, तरी हार्वर्डने त्यांना १७५३ साली मानद एमए दिली. १७५९ साली सेंट अँड्र्यूजने मानद डॉक्टरेट दिल्यावर ते स्वतःला डॉक्टर फ्रँकलिन म्हणवू लागले. आजचा संकेत मात्र असा की मानद पदवीवरून बाहेर 'डॉक्टर' लावत नाहीत. हे सन्मानार्थीला निमंत्रणानंतरच्या माहितीपत्रकात सौम्य शब्दांत सांगा. नाहीतर स्थानिक वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी 'डॉक्टर' छापतं आणि अवघडलेपण त्या माणसाच्या वाट्याला येतं.

वेळापत्रक मे महिन्यापासून उलटं मोजा. शिफारसी सप्टेंबरपर्यंत, छाननी ऑक्टोबरमध्ये, प्राध्यापक सभेचं मत नोव्हेंबरमध्ये, विश्वस्तांचा ठराव हिवाळ्यातल्या बैठकीत. अध्यक्षांच्या सहीचं निमंत्रण त्यानंतर. विश्वस्त वर्षातून तीन-चार वेळाच भेटतात, म्हणून त्यांची बैठक चुकली की सगळं वर्षभर पुढे जातं. जास्तीत जास्त प्रकरणं इथेच अडकतात.

एक नियम कडक पाळा: ठराव होईपर्यंत सन्मानार्थीला, त्यांच्या घरच्यांना किंवा शिफारस करणाऱ्याला निकालाबद्दल अवाक्षरही कळू नये. लहान गावात हे फार अवघड असतं. बातमी फुटली आणि मंडळाने नाव नाकारलं तर ज्या माणसाचा मान करायचा होता त्याचाच चारचौघांत अपमान होतो. प्राध्यापक सभेतही नावांची चर्चा बंद सत्रात करा, इतिवृत्तात नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहा. ठराव पाच नावांचा घ्या, त्यातल्या तिघांना निमंत्रण जाईल. कोणी नकार दिला तर राखीव नाव हाताशी असतं आणि पुन्हा बैठक बोलवावी लागत नाही. मंजुरी किती वर्षं ग्राह्य धरायची तेही ठरावात लिहा, तीन वर्षं पुरेशी.

ठरावातच आणखी दोन गोष्टी असाव्यात. पदवी समक्ष हजर राहूनच स्वीकारायची, आजारपणासारखा अपवाद अध्यक्षांनी ठरवायचा. आणि विश्वस्त, नोकरीत असलेले प्राध्यापक, कर्मचारी यांना त्या पदावर असेपर्यंत पदवी नाही.

निवडणुकीला उभ्या असलेल्या बाईंबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांचं नाव एक वर्ष पुढे ढकला. करमुक्त ५०१(सी)(३) संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचारात भाग घेता येत नाही आणि ही बंदी पूर्ण आहे, त्यात 'थोडं चालतं' असं काही नाही. अमेरिकेच्या कर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, २००७-४१ क्रमांकाच्या निर्णयात उमेदवाराला उमेदवार म्हणून न बोलावता इतर कारणाने बोलावण्याची वाट ठेवलेली आहे, पण अटी आहेत: निवड उमेदवारीशी संबंध नसलेल्या कारणानेच झालेली असावी, त्यांनी फक्त त्या नात्यानेच बोलावं, निवडणुकीचा किंवा उमेदवारीचा उल्लेख कोणीही करू नये, कार्यक्रमात प्रचाराचं काही असू नये आणि निमंत्रणात त्या कोणत्या नात्याने येत आहेत ते स्पष्ट असावं. कागदावर हे जमतं. पण व्यासपीठावरचा हूड (पदवी देताना गळ्यातून पाठीवर सोडतात ते रंगीत वस्त्र) घातलेला फोटो दुसऱ्या दिवशी प्रचारपत्रकावर आला तर तो परत घेता येत नाही.

रेवती

शिरीष यांनी कायद्याची बाजू मांडली आहे, मी चर्चची सांगते.

बिशपांची परवानगी कायद्याने लागत नाही. चर्चच्या कायद्यातही नेहमीच्या कॉलेजच्या मानद पदवीसाठी ती अट नाही. अपवाद आहे तो रोमच्या अधिकाराने पदव्या देणाऱ्या धर्मशास्त्रीय विद्याशाखांचा. तिथे मानद डॉक्टरेटसाठी होली सीची, म्हणजे पोपच्या रोममधल्या प्रशासनाची, हरकत नसल्याचं पत्र आधी घ्यावं लागतं. तुमच्या कॉलेजला ते लागू होणार नाही.

पण परवानगी लागत नाही म्हणून बिशपांना वर्तमानपत्रातून कळावं, हे साफ चूक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली काढलेल्या 'एक्स कॉर्दे एक्लेसिए' या दस्तऐवजात बिशपांना विद्यापीठाबाहेरचे न मानता त्याच्या जीवनातले सहभागी मानावं असं म्हटलं आहे. शिवाय 'कॅथलिक' हे नाव वापरायला चर्चच्या कायद्यातल्या कलम ८०८, म्हणजे कॅनन ८०८ प्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्यांची संमती लागते. ठराव झाल्यावर आणि जाहीर करण्याआधी अध्यक्षांनी स्वतः फोन करून नावं कळवावीत, सोबत प्रत्येकाची अर्ध्या पानाची ओळख पाठवावी. याला शिष्टाचार म्हणायचं, मंजुरी मागणं नव्हे. पत्रातली भाषाही तशीच ठेवा: 'आपणास कळवताना आनंद होतो'.

वादाचं मूळ बहुतेक वेळा जून २००४ मध्ये अमेरिकन बिशपांनी स्वीकारलेल्या निवेदनात असतं. त्याचा आशय असा: जे चर्चच्या मूलभूत नैतिक तत्त्वांना धुडकावून वागतात त्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मानित करू नये, आणि त्यांच्या त्या कृतींना पाठिंबा आहे असं सुचवणारे पुरस्कार, सन्मान किंवा व्यासपीठ त्यांना देऊ नये. निवेदनाचा विषय राजकीय जीवन आहे, त्यामुळे ते कॅथलिक नसलेल्यांना किती लागू होतं यावर तेव्हापासून वाद चालू आहे.

दोन उदाहरणं समितीने नीट अभ्यासावीत. २००९ साली नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाने राष्ट्राध्यक्ष ओबामांना मानद एलएलडी दिली. गर्भपाताच्या प्रश्नावर निषेध झाला, स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभाला आले नाहीत आणि त्याच समारंभात विद्यापीठाचं लेटारे पदक घेणार असलेल्या कायद्याच्या प्राध्यापक मेरी ॲन ग्लेंडन यांनी ते नाकारलं. २०१३ साली बॉस्टन कॉलेजने आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांना बोलावलं तेव्हा त्यांच्या सरकारच्या गर्भपातविषयक विधेयकामुळे बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल शॉन ओमॅली गैरहजर राहिले. दोन्ही ठिकाणी समारंभ पार पडले, पदव्याही दिल्या गेल्या. पण विद्यार्थ्यांचा दिवस असूनही बातम्या वादाच्याच झाल्या.

म्हणून छाननी करताना केवळ माणूस चांगला आहे का, एवढं पाहून भागत नाही. त्यांची जाहीर भाषणं, सह्या केलेली निवेदनं, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, संस्थेचे ठराव, कोर्टातले खटले आणि संस्थेची वार्षिक विवरणपत्रं, म्हणजे फॉर्म ९९०, हे सगळं वाचा. फॉर्म ९९० जाहीर असतो, कोणालाही बघता येतो. हे काम दोन जणांनी स्वतंत्रपणे करावं आणि जे सापडेल ते विश्वस्तांपुढे जसंच्या तसं ठेवावं. भाडेकरू संघटनेच्या बाबतीत घरमालकांशी चाललेले दावे निघतीलच. ते असणं वाईट नाही, पण घरमालकांपैकी कोणी तुमच्या विश्वस्त मंडळावर आहे का, हे आधी तपासा. नसता पेच ऐन ठरावाच्या वेळी उभा राहतो.

कॅथलिक नसल्याने काहीही अडत नाही. कॉलेजच्या ध्येयाशी त्या कामाचं नातं काय, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. भाडेकरूंच्या संघटनेचं नातं शोधावं लागणारच नाही. १८९१ च्या 'रेरम नोव्हारम' या पोपच्या पत्रापासून चर्चची सामाजिक शिकवण श्रमिकांचं संघटन आणि माणसाची प्रतिष्ठा याबद्दलच बोलते आहे. फक्त आदल्या दिवशीच्या मिस्साबद्दल, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेबद्दल, त्यांना आधी समजावून सांगा: कम्युनियन, म्हणजे त्यात रांगेने घेतला जाणारा पवित्र प्रसाद, कॅथलिकांसाठी असतं, त्या वेळी ते जागेवर बसून राहिले तर कोणालाही वावगं वाटणार नाही. त्यांना कडेची खुर्ची दिली तर रांग त्यांना ओलांडून जात नाही.

आणि एक पर्याय लक्षात असू द्या. एका विशिष्ट कामासाठी सन्मान करायचा असेल तर अध्यक्षांचं पदक जास्त योग्य ठरतं. नोटर डेमचं लेटारे पदक १८८३ पासून दिलं जातं. १९७२ साली ते गरिबांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे यांना मिळालं आणि २०१७ साली लॉस एंजेलिसमध्ये टोळ्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी काम करणारे फादर ग्रेग बॉयल यांना. पदकाला पदवीइतकी प्रक्रिया लागत नाही आणि ते वर्षात कधीही देता येतं. पदवी आयुष्यभराच्या कामासाठी राखून ठेवावी.

पारिजात

शिरीष, रेवतीताई, मनापासून आभार. परिचारिका बाईंचं नाव पुढच्या वर्षासाठी ठेवावं असं समितीला सुचवते. मानपत्राबद्दल कोणी सांगेल का? आणि एका देणगीदाराने 'मीही रांगेत आहे' असं सूचित केलं आहे, त्याचं काय करायचं?

जान्हवी

मानपत्र व्यासपीठावरून वाचायचं असतं, म्हणून ते कानासाठी लिहा. इंग्रजीत २२० ते २५० शब्द, वाचायला दोन मिनिटं. त्यापुढे गेलं की मैदानात बसलेले पालक हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागतात.

जुनी मानपत्रं एकसारखी वाटतात कारण ती विशेषणांनी भरलेली असतात. 'समर्पित', 'दूरदर्शी', 'निःस्वार्थ' हे शब्द कोणालाही लावता येतात. त्यांच्या जागी कृती घाला. 'त्यांनी भुकेल्यांची अथक सेवा केली' हे वाक्य कोणाच्याही मानपत्रात खपेल. 'रात्रपाळी संपवून येणाऱ्यांना दिवसा येता येत नाही हे पाहून त्यांनी केंद्र पहाटे उघडायला सुरुवात केली, आणि धान्य पिशवीत भरून हातात ठेवण्याऐवजी लोकांनी फळीवरून स्वतः निवडावं अशी मांडणी केली' हे वाक्य फक्त त्याच व्यक्तीचं. असा तपशील मिळवण्यासाठी त्यांच्यासोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोलावं लागतं. निमंत्रण स्वीकारल्यावरच हे करा, आधी केलंत तर गुप्तता गेली.

रचना साधी ठेवा. पहिल्या वाक्यात काम, मग दोन-तीन ठोस गोष्टी, मग कॉलेजच्या ध्येयाशी नातं आणि शेवटी ठरलेलं सूत्र: विश्वस्त मंडळाने दिलेल्या अधिकाराने अमुक पदवी, ऑनोरिस कॉजा (लॅटिनमध्ये 'सन्मानार्थ'), प्रदान करतो. हे सूत्र अध्यक्षच म्हणतात, मानपत्र वाचणाऱ्याने म्हणू नये. शिक्षण अपुरं राहिलं याचा उल्लेख सन्मानार्थीला विचारल्याशिवाय करू नका. काहींना तो अभिमानाचा वाटतो, काहींना तो हजारभर लोकांसमोर नको असतो. मदत घेणाऱ्या माणसांचं वर्णनही दयनीय होऊ देऊ नका, त्यांच्यातले कित्येक जण समोर पदवीधरांचे आईवडील म्हणून बसलेले असतात.

तयार मसुदा सन्मानार्थीला तथ्यं तपासायला पाठवा. वर्षं, संस्थांची नावं, नावाचा उच्चार. उच्चार त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्या, कागदावर लिहिलेला उच्चार वाचणारा ऐनवेळी विसरतो. प्रमाणपत्रावर नाव कसं हवं तेही लेखी घ्या. लॅटिन प्रमाणपत्र छापत असाल तर नावाचं लॅटिन रूप करू नका, ते जसं आहे तसंच ठेवा.

देणगीदाराबद्दल: देणगी आणि पदवी यांची चर्चा एका बैठकीत, एका पत्रात किंवा एका ईमेलमध्ये कधीही येऊ देऊ नका. निधी विभागाच्या माणसाला समितीवर मत असू नये, माहिती पुरवायला हवं तर बोलवा. पदवीच्या बदल्यात देणगी ठरली असं दिसलं तर विश्वास गेलाच, शिवाय इतर सन्मानार्थींच्या पदवीची किंमतही त्याने उतरते. त्या गृहस्थांना शिफारसीचा नेहमीचा अर्ज आणि निकष दाखवा. स्वतःची शिफारस स्वतः करता येत नाही, हा निकष लेखी असेल तर उत्तर देणं सोपं जातं.

मकरंद

व्यासपीठाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

अमेरिकेत गाऊन आणि हूडचे संकेत १८९५ च्या आंतरमहाविद्यालयीन संहितेपासून चालत आले आहेत. डॉक्टरेटचा हूड ४ फूट लांब, त्याची मखमली कड ५ इंच रुंद. कडेचा रंग विषयाचा, आतलं सॅटिन कॉलेजच्या रंगांचं. ह्युमेन लेटर्सला पांढरी कड, कायद्याला जांभळी, धर्मशास्त्राला किरमिजी. ऑर्डर देताना पदवीचं पूर्ण नाव लिहा. नुसतं 'मानद डॉक्टरेट' लिहिलं की भलत्याच रंगाची कड येते आणि ती समारंभाच्या आठवड्यात उघडल्यावरच कळतं. हूड विकत घ्या, तो सन्मानार्थीला घरी न्यायचा असतो. गाऊन आणि टोपी भाड्याने चालते. उंची, वजन आणि डोक्याचा घेर फेब्रुवारीतच मागवा. हिजाब, पगडी किंवा फेटा असेल तर टोपी घालण्याचा आग्रह नको.

हूड घालताना गोंधळ होतो तो असा. सन्मानार्थी गाऊन आणि टोपी घालून येतात, हूड हातावर घडी करून आणलेला असतो. टोपी काढली नाही तर हूडची पट्टी तिच्या कोपऱ्यात अडकते. म्हणून नाव पुकारल्याबरोबर टोपी हातात घ्यायची, हूड घातला की परत डोक्यावर. हूड घालणारे दोघं हवेत. एकाने पट्टी मागून डोक्यावरून खांद्यांवर आणायची, दुसऱ्याने पाठीवर सॅटिन बाहेर उलटवून रंग दिसतील असं करायचं. सन्मानार्थी उंच असतील तर दोन पायऱ्या खाली उभे करा. पुढच्या बाजूला पट्टीला लहान दोरीचा फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवतात. साडी, ड्रेस किंवा बिनबटणाचा ब्लाउज असेल तर तो फास लोंबकळत राहतो, हूड मागे सरकतो आणि पट्टी गळ्याशी काचते. तयारीच्या खोलीत सेफ्टी पिना ठेवा आणि गाऊनच्या आतल्या कापडाला फास टाचून घ्या.

मानपत्राच्या दोन प्रती, एक आधीच पोडियमवर. प्रत्येक सन्मानार्थीला एकूण पाच मिनिटं धरा, त्यात भाषण नाही. भाषण एकालाच द्या. व्यासपीठावर व्हीलचेअर जाईल असा उतार आहे का, हे निमंत्रणाच्या वेळीच बघा. घरच्यांसाठी सहा ते आठ जागा पुढच्या रांगेत राखून ठेवा. धान्य केंद्राचे स्वयंसेवक येणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तिकिटं लागतील.

केतकी

महाराष्ट्रातल्या एखाद्या कॅथलिक कॉलेजला असं करता येईल का?

शिरीष

नाही. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. स्वायत्त कॉलेजांची पदवीही विद्यापीठाच्याच नावाने निघते. कॉलेज पदक, मानपत्र किंवा पुरस्कार देऊ शकतं, त्याला 'मानद डॉक्टरेट' म्हणू शकत नाही.

पारिजात, एक राहिलं. पदवी मागे घेण्याची तरतूद आत्ताच लिहून ठेवा. फोर्डहॅम आणि मार्केट (Marquette) या दोन जेझुइट विद्यापीठांनी २०१५ साली लैंगिक अत्याचाराचे आरोप झालेले विनोदी अभिनेते बिल कॉस्बी यांची मानद पदवी रद्द केली. तसेच आरोप झालेले कार्डिनल मॅकॅरिक यांची पदवी फोर्डहॅमने २०१८ मध्ये काढून घेतली. नोटर डेमने आधी चर्चच्या न्यायप्रक्रियेच्या निकालाची वाट पाहिली आणि २००८ साली त्यांना दिलेली पदवी २०१९ मध्ये रद्द केली. नियम आधीपासून असला तर कधी आणि कोणी ठरवायचं यावर वेळ जात नाही. तरतुदीत चार गोष्टी पुरतात: प्रस्ताव कोण आणू शकतो, संबंधित व्यक्तीला उत्तर द्यायला किती दिवस, विश्वस्तांचं बहुमत साधं की दोनतृतीयांश, आणि निर्णय जाहीर कोण करणार. हे कलम निमंत्रणाच्या पत्रात घालू नका. ते धोरणात असू द्या आणि पत्रात फक्त 'कॉलेजच्या मानद पदवी धोरणानुसार' एवढं लिहा.